खिशात सापडलेला रबराचा तुकडा

जबाब

नाव : भिवा सखाराम तांबे. वय : ४७ वर्षे. धंदा : मोटारींचे वायरिंग व बॅटरीचे काम. शिक्षण : सातवी पास. राहणार : बौद्धवाडी, ता. गुहागर, जि. रत्नागिरी. ओळखीची खूण : उजव्या हाताला करंगळी नाही.

दिनांक २० डिसेंबर १९८६, शनिवार, सायंकाळचे पाच वाजले आहेत.

मी वर लिहिलेला इसम. मला कोणी बोलावलेले नाही, मी आपण होऊन ठाण्यात आलो आहे. हवालदारसाहेबांनी समोर बसवून विचारले, त्यावर माझे सांगणे असे.

मी सतरा वर्षे मुंबईत एका टॅक्सी गॅरेजमध्ये वायरमन होतो. सन १९७९ साली गावी परत आलो आणि एस.टी. स्टँडसमोर दुकान टाकले. या तालुक्यात ज्या गाड्यांचे दिवे लागतात त्यांतले निम्मे माझ्या हातून लागलेले आहेत. ही बढाई आहे असे हवालदारसाहेब म्हणाले. खोटे आहे असे म्हणाले नाहीत.

यातील तक्रारदार रावजी धोंडू साळवी, वय अंदाजे पन्नास, सुपारीचे व्यापारी, यांना मी ओळखतो. त्यांच्या मातोश्री मथुराबाई, वय चौऱ्याहत्तर, यांनाही ओळखतो. ज्याच्यावर तक्रार आहे तो लवू गोताड, वय चौतीस, हा रावजीशेठचा ड्रायव्हर. त्याची माझी सात वर्षांची ओळख आहे, नाते काही नाही. आज सकाळपर्यंत माझाही त्याच्यावर राग होता. हे आधीच सांगून ठेवतो, मागाहून कोणी काढायला नको.

तक्रार समजायची तर आधी डबा समजला पाहिजे. रावजीशेठची पेट्रोलवर चालणारी पांढरी मोटार आहे. तिच्यात मी ८ सप्टेंबर रोजी माझ्या हातचा एक डबा बसवला. गाडी उभी राहिली, गिअर न्यूट्रलला आला आणि क्लचवरचा पाय उचलला, की चार आकडे मोजेपर्यंत डबा इंजिन आपोआप बंद करतो. पुन्हा क्लच दाबला की स्वतःच सेल्फ मारून चालू करतो. किल्लीला हात लावायला नको. गुरे आडवी आली, एस.टी. वाट अडवून उभी राहिली, तर तेवढा वेळ पेट्रोल फुकट जळत नाही. परदेशात असे काही निघाले आहे हे मी एका मासिकात वाचले होते. चित्र दिलेले नव्हते, म्हणून आपल्या डोक्याने केले. तीन वर्षे लागली. बायको चंपा पाच म्हणते, कारण मधली दोन वर्षे मी डबा सोडून दिला होता आणि घरात कोणाशी धड बोलत नव्हतो, ती तिने धरली आहेत.

लोक त्याला भिवाचा डबा म्हणतात. भिवाचा डबा मधूनमधून बंद पडतो असेही म्हणतात. हे मला मान्य नाही. डबा बंद पडत नाही, तो नको म्हणतो. इंजिन थांबवण्याआधी तो तीन गोष्टी पाहतो. बॅटरीत पुन्हा सेल्फ मारण्याइतका जोर आहे का, हे आधी. दिवे आणि वायपर चालवून बॅटरी थकलेली असली तर तो इंजिन चालूच ठेवतो, कारण चढावर बंद केले आणि परत लागले नाही तर गाडी ढकलायला माणसे कोठून आणायची. मग इंजिन तापले आहे का ते पाहतो. सकाळी थंडगार इंजिन थांबवले की ते रुसते, हे कोणीही ड्रायव्हर सांगेल. आणि बॉनेट नीट लागले आहे का ते पाहतो. त्यासाठी बॉनेटखाली एक पिन आहे. बॉनेटच्या आतल्या अंगाला एका कडीत रबराचा तुकडा बसवलेला आहे. बॉनेट लागले की तो रबर पिन दाबतो, आणि सगळे जागेवर आहे हे डब्याला कळते. पिन दाबलेली नसेल तर डबा हात बांधून बसतो, बंदही करत नाही आणि चालूही करत नाही.

ही तिसरी अट कशाला घातली असे विचारल्यावरून सांगतो की, सन १९७४ मध्ये माझा हात पंख्याजवळ असताना एका भल्या माणसाने आत बसून सेल्फ मारला. करंगळीचे वर लिहून झालेच आहे. आपोआप चालू होणाऱ्या इंजिनात दुसऱ्या कोणाचा हात असू नये, एवढाच माझा हेतू होता.

रबराचा तो तुकडा बोटाच्या पेराएवढा आहे. जुन्या हवाई चपलेच्या टाचेतून कापलेला, वरून पांढरा आणि खालून निळा. दोन बोटांनी ओढला की निघतो. तोच तुकडा काल लवूच्या सदऱ्याच्या खिशात सापडला आणि आज मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा आहे.

काल दिनांक १९ रोजी पुण्याच्या एका कारखान्याचे इंजिनियर डबा पाहायला आले होते. त्यांना मी तीन पत्रे घातली होती, तिसऱ्याला उत्तर आले. ते दीडच्या एस.टी.ने उतरले. रावजीशेठना डब्याचा माझ्याहून जास्त अभिमान, त्यामुळे गाडी मीच चालवून दाखवणार असे ते आठ दिवस गावभर सांगत होते. लवू त्याच वेळी मथुराबाईंना हेदवीहून घेऊन आला. त्यांना उतरवून तो गाडी मागच्या बाजूला घेत होता, तेवढ्यात रावजीशेठनी किल्ली घेतली. लवू म्हणाला, दोन मिनिटं द्या, जरा पाणी बघतो. रावजीशेठ म्हणाले, पाणी आल्यावर बघ.

आम्ही बाजारात गेलो, नाक्यावर गेलो, स्टँडला वळसा घातला. इंजिन एकदाही थांबले नाही. रावजीशेठनी दहा वेळा गिअर काढला, दहा वेळा पाय उचलला. मी मागे बसून मनात चार आकडे मोजत होतो. पुढेपुढे वीसपर्यंत मोजले. इंजिनियर सभ्य माणूस होता, हसला नाही. ड्रॉइंग पाठवा, बघू, एवढे बोलून साडेतीनच्या चिपळूण गाडीने गेला. मी दुकान लवकर बंद केले.

नंतर बॉनेट उघडले तर कडीत रबर नव्हता. रावजीशेठनी लवूला विचारले. लवूने खिशातून तुकडा काढून हातावर ठेवला आणि म्हणाला, "मीच काढलाव." का काढलास, कोणी सांगितले, याला त्याने उत्तर दिले नाही. माझी फजिती व्हावी म्हणून कोणी तरी त्याला फितवले, असा रावजीशेठचा ग्रह झाला. खरे सांगायचे तर माझाही झाला. आज सकाळी नऊ वाजता त्यांनी तक्रार दिली आणि तेव्हापासून लवू इथे बाकावर बसून आहे.

आज सकाळी दहाच्या सुमारास लवूची बायको राही माझ्या दुकानी आली. ती म्हणाली, "दादा, हे माझ्यापाशीसुद्धा काय बोलत न्हायत. केस झाली तर या तालुक्यात त्यांच्या हातात परत गाडी कोण देनार?" मी काही गोड बोललो नाही. माझी तीन वर्षे काल बाजारात हसण्यावारी गेली, असे म्हणालो. तिने ऐकून घेतले आणि पिशवीतून एक वही काढून दिली. ही वही माझीच होती. डबा बसवला तेव्हा मीच लवूला दिली होती, की रोज गाडी कोठे गेली आणि डबा चालला की नाही ते लिहीत जा.

वही मी दुकानात बसून पहिल्या पानापासून वाचली. लवूचे अक्षर मोठे आहे, पानावर चार ओळी बसतात. "चिपळूण. डबा चालला." "शृंगारतळी. डबा चालला." असे रोजचे आहे. २१ ऑक्टोबरला "हेदवी. डबा नाही चालला." १९ नोव्हेंबरला तेच. काल, १९ डिसेंबरलाही तेच. कालची ओळ त्याने घरी जाऊन लिहिली, म्हणजे रावजीशेठ त्याच्यावर ओरडून झाल्यावर. कोणाच्या सांगण्यावरून यंत्र बिघडवणारा माणूस ते स्वतःच्या हाताने तारीख घालून लिहून ठेवत नाही. इथे माझा राग थोडा हलला.

माझ्या दुकानातल्या कॅलेंडरवर मी पौर्णिमेला लाल गोल करतो, कारण त्या दिवशी संध्याकाळी विहारात वंदना असते. वहीतल्या तारखा त्याच्यापुढे धरल्या. प्रत्येक तारीख लाल गोलानंतर तिसऱ्या नाही तर चौथ्या दिवशी पडत होती. यंत्राला पौर्णिमा कळत नाही. कळणारा कोणी माणूसच असला पाहिजे. शेजारी चहाचे दुकान चालवणाऱ्या गंगुबाईला विचारले की पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी काय असते. ती म्हणाली, "संकष्टी. एवडं ठावूक न्हाय तुमाला?" मी तो उपास करत नाही, त्यामुळे ठाऊक नव्हते. संकष्टीला रावजीशेठची गाडी मथुराबाईंना घेऊन हेदवीच्या गणपतीला जाते, हे मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

मग मी सप्टेंबरची संकष्टी शोधली. २१ तारखेला लिहिले होते, "हेदवी. डबा चालला. पालशेतला". पुढचे शब्द खोडलेले होते, इतके गिरवून की कागद फाटला होता.

साडेअकरा वाजता मी ठाण्यात आलो. हवालदारसाहेबांच्या परवानगीने लवूला विचारले की पालशेतला काय झाले. तो म्हणाला, "भिवादादा, डब्याचा दोष न्हाय, एवडं लिवून घ्या. माझं काय व्हायचं ते होऊ दे." डब्याला दोष नाही हे मला लवूने सांगायची गरज नव्हती, डबा माझा आहे. पण एवढे ऐकल्यावर माझा राग गेला. का गेला ते नीट सांगता येत नाही. तो स्वतःसाठी काही मागत नव्हता, त्यामुळे असेल.

दुपारी एक वाजता मी रावजीशेठच्या घरी गेलो. दोष शोधायची माझी एक रीत आहे. ज्या वजनावर, ज्या सीटवर गाडी बिघडते, त्याच वजनावर ती तपासायची. दुकानात उभ्या गाडीत शंभर वेळा सगळे बरोबर चालते आणि गिऱ्हाईक वळणावर गेले की बोंब. म्हणून मी रावजीशेठना म्हणालो, हेदवीला जाताना जे जिथे बसतात त्यांना तिथे बसवा आणि मला गाडी बघू द्या. ते आधी चिडले. आईला कशाला यात ओढतोस, असे म्हणाले. पण डबा चालताना बघायची हौस त्यांचीही फिटलेली नव्हती. मुद्देमालातला रबर मिळणार नव्हता, म्हणून मी माझ्या डाव्या चपलेच्या टाचेतून नवीन कापला आणि कडीत बसवला. चप्पल पायात आहे, हवालदारसाहेबांनी पाहिली आहे.

मथुराबाई ओटीवर बसल्या होत्या. मी अंगणात उभा होतो. मी बोललो तशी त्यांनी आवाजावरून ओळखले आणि वर येऊन बस म्हणाल्या. याआधी मी त्या ओटीवर बसलेलो नव्हतो. हे लिहू नका म्हणालो होतो, हवालदारसाहेबांनी लिहिले. त्यांनी स्वतः चहा आणला. माझ्या कपात ओतताना त्यांनी एक बोट कपाच्या काठाच्या आत धरले होते. मी तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नाही. चहा चांगला होता.

लवू कुठे आहे असे त्यांनी मला विचारले. गावी गेला आहे, असे रावजीशेठनी त्यांना सकाळी सांगितले होते. रावजीशेठ माझ्याकडे डोळे वटारून बघत होते, पण मी चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईशी तिच्याच ओटीवर बसून खोटे बोलणार नव्हतो. पोलीस ठाण्यात आहे, असे सांगितले. कशासाठी तेही सांगितले. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. तो बशीच्या कडेवर टेकला आणि कलंडला. त्या रावजीशेठना म्हणाल्या, "मला आत्ता ठाण्यात ने." पुढे घरात रावजीशेठ आणि त्या बोलल्या, मी अंगणात जाऊन थांबलो. येताना त्या पायऱ्या मोजत उतरल्या. ओठ हलत होते, ते मी पाहिले.

तीन वाजून दहा मिनिटांनी आम्ही निघालो. रावजीशेठ चालवत होते, मी त्यांच्या शेजारी, मथुराबाई मागे डाव्या बाजूला, नेहमीच्या जागेवर. बाजारात जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा ट्रक आडवा लावून चिरे उतरवत होते. वाट बंद होती. रावजीशेठनी गाडी उभी केली, गिअर काढला, पाय उचलला. चार मोजले आणि इंजिन थांबले.

मला आनंद झाला. खरे तेच सांगतो, माझे लक्ष त्या वेळी डॅशबोर्डवर होते आणि मला इंजिनियरचा चेहरा आठवत होता. तेवढ्यात मागे दाराची कडी वाजली. वळून पाहिले तर मथुराबाई रस्त्यात उतरल्या होत्या. डोक्यावर चिरा घेतलेला एक हमाल त्यांच्यासमोर उभा होता. त्यांनी त्याला हात जोडले आणि मोठ्याने म्हणाल्या, "साहेब, लवूला सोडा. त्याचा काय गुन्हा न्हाय. त्याला मीच बोलू दिला न्हाय."

हमाल गोंधळला. चिरा डोक्यावर तसाच धरून म्हणाला, "आजी, मी हमाल हाय."

मागून चिपळूणची एस.टी. येत होती. ड्रायव्हरने ब्रेक मारला. मथुराबाई आणि एस.टी. यांच्यात दोन हात अंतर राहिले. बाजारातले लोक धावले, पण रावजीशेठ सगळ्यांच्या आधी पोहोचले. त्यांनी आईला दोन्ही खांद्यांना धरून गाडीपाशी आणले. मग आपला हात तिच्या तोंडासमोर धरला आणि विचारले, "आये, माझ्या हातात काय हाय?"

त्या म्हणाल्या, "काय का असंना. हात तुझा हाय ना, मंग बस झालं."

रावजीशेठ तिथेच बाजारात रडले. हे त्यांच्या परवानगीने लिहिले आहे.

नंतर गाडीत बसून मथुराबाईंनी सांगितले ते मी माझ्या कानांनी ऐकले. दीड वर्षापासून त्यांना उजेड आणि सावली एवढेच कळते. घरात ही गोष्ट कोणाला कळू दिली नाही. कळले तर मुलगा आपल्याला मुंबईला मालनकडे, म्हणजे मुलीकडे, चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवील आणि कोठारघराच्या किल्ल्या कंबरेच्या निघतील, ही धास्ती. घर पायाखालचे आहे, ते डोळ्यांशिवाय चालते. गाडीचेही चालत होते. आमच्याकडे वाटेत इंजिन कोणी बंद करत नाही, परत लागेल की नाही याचा भरवसा नसतो. जन्मभर एस.टी.त आणि मोटारीत त्यांनी एकच गोष्ट पाहिली, की इंजिन बंद झाले म्हणजे गाव आले. मग माझा डबा आला.

सप्टेंबरच्या संकष्टीला पालशेतच्या पुलाजवळ बैलगाडी आडवी आली. इंजिन आपोआप थांबले. मथुराबाई हेदवी आली असे समजून उतरल्या आणि देवळाच्या पायऱ्या शोधत कठड्याकडे निघाल्या. पावसाचे दिवस, खाली खाडी भरलेली. लवूने धावत जाऊन पदर धरला. त्याच जागी त्यांनी त्याला राहीची शपथ घातली की रावजीला कळता कामा नये. मी दार उघडल्याशिवाय उतरू नका, असे लवूने त्यांच्याकडून कबूल करून घेतले. त्यांनी कबूल केले, पण चौऱ्याहत्तर वर्षांची सवय अशी सांगून जात नाही. परतीच्या वाटेवर त्या आणखी दोनदा कडीला हात घालून बसल्या होत्या.

डबा बसवताना लवू माझ्या शेजारी उभा होता. पिन कशासाठी, रबर कशासाठी, हे त्याने विचारले होते आणि मी सांगितले होते. त्याप्रमाणे पुढच्या संकष्टीपासून तो सकाळी रबर काढून खिशात ठेवायचा आणि घरी आल्यावर परत बसवायचा. काल बसवायला त्याला दोन मिनिटे मिळाली नाहीत. क्लच दाबून ठेवला असता तरी डबा गप्प बसला असता, मग रबर कशाला काढायचा, असे मी लवूला मघाशी विचारले. तो म्हणाला, "पाय कवातरी इसरतो, दादा." हे त्याचे म्हणणे मला पटले. मीही यंत्र बनवताना माणसाच्या पायावर भरवसा ठेवलेला नाही.

या कामाचा जाणता म्हणून मला विचारण्यात आले की लवूने यंत्राची मोडतोड केली काय. माझे उत्तर असे की त्याने काही मोडलेले नाही. पिन जागेवर आहे, वायर शाबूत आहे, रबर जसाच्या तसा आहे. इंजिन चालू होताना कोणाचा हात आत असू नये म्हणून मी ती अट घातली होती. इंजिन थांबताना कोणाचा पाय रस्त्यावर पडू नये म्हणून त्याने ती वापरली. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. तीन वर्षे मी बॅटरीचा विचार केला, इंजिनाचा केला, स्वतःच्या बोटाचा केला. मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसाचा केला नाही. याची मला लाज वाटते.

तक्रार मागे घेत असल्याचे रावजीशेठनी वेगळे लिहून दिले आहे. ते दिल्यावर लवूपाशी जाऊन उभे राहिले. मथुराबाईच म्हणाल्या, "रावजी, त्याला घरी नेऊन जेवायला घाल. सकाळपासून उपाशी असंल." लवूने सकाळी राहीने आणलेली भाकरी खाल्ली होती. तरी तो हो म्हणाला.

मथुराबाईंना मुंबईला पाठवणार नाही, असे रावजीशेठनी सर्वांसमक्ष कबूल केले. हे जबाबात घ्या, असा मथुराबाईंचा आग्रह असल्याने घेतले आहे. डोळ्यांचे म्हणाल तर तो मोतीबिंदू असावा, असे हवालदारसाहेबांचे मत आहे. त्यांच्या वडिलांचा दोन वर्षांपूर्वी काढला, आता ते पत्त्यांत लबाडी करतात आणि समोरच्याची पकडतातही. चिपळूणला जानेवारीच्या अखेरीस डोळ्यांचे शिबिर आहे. सोमवारी दाखवून आणायचे आणि डॉक्टर म्हणाले तर तिथे नाव घालायचे ठरले. मथुराबाईंनी विचारले, "मंग मला गणपती दिसंल?" हवालदारसाहेब म्हणाले, "पायापाशी उंदीर असतो ना, तोसुद्धा दिसेल." त्यावर त्या हसल्या.

पुण्याच्या इंजिनियरना मी उद्या चौथे पत्र लिहिणार आहे. ड्रॉइंग पाठवणार आहे. काल डब्याने इंजिन का थांबवले नाही याचे कारण त्यात जसे घडले तसे लिहीन, लपवण्यासारखे काही नाही. डब्यात दोन गोष्टी वाढवतो आहे. मागच्या दाराची कडी हलली की तो नको म्हणेल. आणि इंजिन आपोआप थांबले की आत सायकलीसारखी घंटी वाजेल, म्हणजे बसलेल्याला कळेल की गाव अजून आलेले नाही. ही घंटीची कल्पना राहीची आहे. पत्रात तिचेही नाव घालणार आहे.

मुद्देमालातला रबराचा तुकडा माझा आहे काय असे विचारले. माझ्या चपलेचा आहे, पण मला तो परत नको. तो लवूला द्यावा. गाडीत आता नवीन रबर बसवला आहे, तो दर संकष्टीला काढून ठेवावाच लागेल, आणि एखादा हरवला तर दुसरा हाताशी हवा. पुढची संकष्टी जानेवारीत १८ तारखेच्या सुमारास येते. शिबिर तिच्यानंतर आहे. तेव्हा निदान एक वेळ तरी डब्याने हेदवीच्या वाटेवर नको म्हटले पाहिजे. रावजीशेठनी याला मान डोलावली आहे.

हा मजकूर हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला आणि मी तो शेवटपर्यंत ऐकला. शेजारच्या बाकावर मथुराबाई व लवू बसले होते, त्यांनीही ऐकला. एका ठिकाणी "डबा बंद पडला" असे लिहिले गेले होते, ते खोडून "डब्याने नको म्हटले" असे करून घेतले. बाकी सर्व मी बोललो तसेच उतरले आहे, त्यात कमीजास्त नाही, म्हणून खाली सही करतो.

सही : भिवा सखाराम तांबे

समक्ष : ठाणे अंमलदार

पावती : रबराचा तुकडा, नग एक, पांढरा-निळा, मिळाला. आजींना दिसू लागेपर्यंत माझ्याकडे राहील.

सही : लवू गोताड